पर्जन्यजल आणि विद्यापीठाचा परिसर : तीन आशियाई परिसररचनांची समीक्षा

सारांश

विद्यापीठाच्या आवारात पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचे नियोजन हा विषय सामान्यतः स्थापत्य अभियांत्रिकीच्या कक्षेत येतो असे मानले जाते. परिसररचना मात्र इमारतीप्रमाणेच, किंबहुना ग्रंथाप्रमाणेच, अर्थ व्यक्त करीत असते आणि म्हणून ती समीक्षेचाही विषय ठरते. प्रस्तुत लेखात शेनयांग जिआनझू विद्यापीठ (चीन), चुलालोंगकोर्न विद्यापीठ (थायलंड) आणि नालंदा विद्यापीठ (राजगीर, बिहार) या तीन परिसरांतील पर्जन्यजल-रचनांची समीक्षा केली असून त्यांतून हाती येणाऱ्या निकषांच्या आधारे महाराष्ट्रातील महाविद्यालयीन परिसरांच्या प्रचलित रूढींचे मूल्यमापन केले आहे.

बीजसंज्ञा : परिसररचना, पर्जन्यजल, अपधाव, पुनर्भरण, आहर-पईन, पाणथळ, हिरवळ.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील शैक्षणिक संस्थांच्या आवारात पावसाच्या पाण्याकडे दोन परस्परविरोधी दृष्टींनी पाहिले जाते. जून ते सप्टेंबर या काळात ते लवकरात लवकर कुंपणाबाहेर घालवावयाचे संकट असते; मार्च ते मे या काळात तेच पाणी टँकरने विकत आणावयाची वस्तू होते. या दोन दृष्टींमधील विसंगती एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. दहा हेक्टर, म्हणजे सुमारे पंचवीस एकर क्षेत्रावर वर्षाला ७०० मि.मी. पाऊस पडला तर त्या क्षेत्रावर ७ कोटी लिटर पाणी पडते. दरडोई दररोज १३५ लिटर या प्रचलित नागरी मानकानुसार हे पाणी एक हजार निवासी विद्यार्थ्यांची पाचशे दिवसांहून अधिक काळची गरज भागवू शकेल एवढे भरते. अर्थात, यातील बरेचसे पाणी बाष्पीभवनाने जाते, झाडे घेतात, मातीत मुरते. ते सर्व साठविणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तथापि पाण्याच्या टंचाईचे कारण केवळ आकाशात शोधावयाचे नसून ते जमिनीच्या मांडणीतही शोधावयास हवे, एवढे या हिशेबावरून निश्चित म्हणता येते.

या प्रश्नाचे गांभीर्य मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. शिक्षणाचे केंद्र म्हणून राज्यभर ज्याचा लौकिक आहे, त्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुसऱ्या टोकाला, २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने नैसर्गिक प्रवाहमार्गांचा झालेला संकोच आणि पर्जन्यजल-वाहिन्यांची अपुरी क्षमता यांची विस्ताराने चर्चा केली. एका टोकाला अभाव, दुसऱ्या टोकाला अतिरेक आणि दोहोंच्या मध्ये जमिनीचे फरसबंद, सपाट आणि प्रवाहहीन झालेले रूप, अशी ही परिस्थिती आहे. विद्यापीठे आणि महाविद्यालये ही शहरांतील व तालुक्याच्या गावांतील मोठी मोकळी जमीन बाळगून असलेली संस्थाने होत. त्यांनी आपल्या जमिनीचे काय केले, हा प्रश्न म्हणूनच केवळ त्यांच्या अंतर्गत व्यवस्थेचा राहत नाही.

२. समीक्षेचे निकष

परिसररचनेची समीक्षा करताना सौंदर्य आणि उपयुक्तता हे दोन निकष सहज सुचतात. परंतु ते पुरेसे नाहीत. प्रस्तुत विवेचनात चार प्रश्न निकष म्हणून स्वीकारले आहेत. पहिला, रचना पाण्याला लपविते की दाखविते? गटारात आणि नळात गेलेले पाणी डोळ्यांआड होते; त्याविषयी विचार करण्याची गरजही त्याबरोबर डोळ्यांआड होते. दुसरा, रचना त्या विशिष्ट भूमीच्या उतारातून, मातीतून आणि खडकातून निर्माण झाली आहे, की अन्यत्र सिद्ध झालेला नमुना तेथे आणून ठेवला आहे? तिसरा, रचनेची देखभाल कोण करते, आणि त्या श्रमाचे व ज्ञानाचे श्रेय कोणाला मिळते? चौथा, कुंपणाबाहेर, विशेषतः उताराच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या माणसांशी ही रचना कोणते नाते जोडते? या चौथ्या प्रश्नाकडे परिसररचनेच्या प्रशंसापर लेखनात सर्वाधिक दुर्लक्ष झालेले दिसते.

विद्यापीठीय परिसराची जी प्रतिमा जगभर रूढ झाली, तिच्या घडणीत १८१९ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. थॉमस जेफरसन यांनी आखलेल्या या विद्यापीठाच्या केंद्रस्थानी विस्तीर्ण हिरवळ आहे आणि १९८७ पासून ही वास्तुरचना जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता पावली आहे. त्याच विद्यापीठाने पुढे आपल्या आवारातील एक ओढा जमिनीखालच्या नळात घातला होता. २००४ साली तो पुन्हा उघडा करून त्याला वळणे, काठ आणि तळे देण्यात आले. ‘द डेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेत आज पावसाचे वाहते पाणी मंदावते आणि त्यातील गाळ खाली बसतो. ज्या संस्थेने जगाला हिरवळीचा आदर्श दिला, तिलाच दोन शतकांच्या आत पुरलेला ओढा उकरून काढण्यासाठी खर्च करावा लागला, ही घटना हिरवळीच्या आदर्शावरील मार्मिक भाष्य आहे.

३. शेनयांग : भाताची खाचरे

ईशान्य चीनमधील शेनयांग जिआनझू विद्यापीठ शहराबाहेरील शेतजमिनीवर नव्या आवारात हलविण्यात आले, तेव्हा परिसररचनेसाठी पैसा आणि वेळ दोन्ही थोडे होते. रचनाकार युई कोंगजिआन यांनी या अडचणीतून मार्ग काढला तो जमिनीच्या पूर्वेतिहासाकडे वळून. ही जमीन भातशेतीची होती. म्हणून त्यांनी आवाराच्या एका भागात पुन्हा भाताची खाचरेच आखली. पावसाचे पाणी तळ्यात साठवावयाचे, ते खाचरांना द्यावयाचे, खाचरांमधून सरळ पायवाटा काढावयाच्या आणि मध्ये मध्ये विद्यार्थ्यांना बसून वाचता येईल असे चौथरे ठेवावयाचे, अशी ही योजना आहे. लावणी आणि कापणीत विद्यार्थी व अध्यापक सहभागी होतात. पिकलेला तांदूळ पिशव्यांत भरून पाहुण्यांना भेट दिला जातो. अमेरिकेतील भूदृश्य वास्तुविशारदांच्या संघटनेने २००५ साली या रचनेचा पुरस्कार देऊन गौरव केला.

या रचनेमागे एक स्पष्ट सौंदर्यविचार आहे. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या युई यांनी शोभेच्या उद्यानांची तुलना जुन्या चीनमधील स्त्रियांच्या बांधलेल्या पायांशी केली होती. दिसायला नाजूक, पण चालण्यास निरुपयोगी अशा सौंदर्याऐवजी त्यांनी ‘मोठ्या पायांचे’, म्हणजे कष्टाच्या आणि उपजाऊ भूमीचे सौंदर्यशास्त्र मांडले. या दृष्टीने पाहता शेनयांगची खाचरे हा केवळ पाणी साठविण्याचा उपाय नव्हे; उच्चशिक्षित वर्गाच्या अभिरुचीशी घातलेला तो वाद आहे. शेत सोडून विद्यापीठात आलेल्या मुलाला शेताकडे पाठ फिरविणे म्हणजेच शिक्षण, असे वाटू लागते. येथे वर्गाच्या खिडकीतून त्याला शेतच दिसते, आणि ते मागासलेपणाचे चिन्ह म्हणून नव्हे, तर परिसराचे भूषण म्हणून. महाराष्ट्रातील ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात या मुद्द्याचे मोल मोठे आहे.

तथापि या रचनेच्या मर्यादाही नोंदविणे अगत्याचे आहे. शेत राहिले, परंतु शेतकरी त्या चित्रात कोठे आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. लावणीचा दिवस विद्यार्थ्यांसाठी उत्सव असतो. ज्याचे पोट त्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी तो हंगाम असतो. स्मृती जतन करताना तिच्यातील श्रमाची आणि जोखमीची बाजू गळून पडण्याचा धोका येथे आहे. शिवाय रचनेची नक्कल करताना हवामानाचा विसर पडता कामा नये. शेनयांगचा वार्षिक पाऊस सुमारे ७०० मि.मी. आहे, लातूरचा पाऊसही त्याच्या जवळपासचाच. आकडे जुळले तरी परिस्थिती जुळत नाही. शेनयांगचा हिवाळा गोठविणारा असतो आणि वर्षाचा मोठा काळ बाष्पीभवन अल्प असते. मराठवाड्यातील उन्हाळा उघड्या तळ्यातले पाणी डोळ्यांदेखत आटवितो. सबब शेनयांगकडून घ्यावयाचे ते भाताचे पीक नव्हे, तर भूमीचा पूर्वेतिहास विचारून मग आखणी करण्याची रीत होय. जेथे ज्वारी, करडई आणि हरभरा पिकत होता, तेथे परिसररचनेचा प्रारंभ त्याच पिकांच्या बांधबंदिस्तीपासून व्हावयास हवा.

युई यांच्या विचाराचा पुढे राष्ट्रीय धोरणावर प्रभाव पडला आणि २०१५ साली चीनने सोळा शहरांत ‘स्पंज शहर’ प्रकल्प प्रायोगिक तत्त्वावर हाती घेतले. पुढे ज्या शहरांत अशी कामे झाली, त्यांत झेंगझोऊ हेही होते. २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मि.मी. पाऊस कोसळला आणि मोठी प्राणहानी झाली. यावरून ही कल्पनाच फोल ठरली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल; मात्र मुरविणाऱ्या आणि मंदावणाऱ्या रचना नेहमीच्या व मध्यम पावसासाठी असतात, प्रलयंकारी पावसासाठी सुरक्षित प्रवाहमार्ग आणि पूर्वसूचना यांना पर्याय नाही, हे भान त्या घटनेने दिले. युई यांचे सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील विमान अपघातात निधन झाले. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना गौरव आणि मर्यादा यांचा विचार बरोबरीनेच करावा लागेल.

४. बँकॉक : कलती भूमी

चुलालोंगकोर्न विद्यापीठाने आपल्या शताब्दीनिमित्त २०१७ साली बँकॉकच्या मध्यवर्ती भागातील आपल्या मालकीच्या जमिनीवर सुमारे अकरा एकरांचे उद्यान उभारले. बँकॉक हे नदीच्या त्रिभुज प्रदेशात, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर वसलेले, खचणाऱ्या जमिनीचे शहर आहे. २०११ च्या महापुराचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. सपाट भूमीवर पाणी कोणत्या दिशेने न्यावयाचे हाच मूळ प्रश्न असल्याने भूदृश्यकार कोचाकोर्न वोराखोम यांनी संपूर्ण उद्यानच तीन अंशांनी कलते केले. उंच टोकाला हरित छत असलेली इमारत, तिच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी पाणथळे, मध्ये मोकळे मैदान आणि सखल टोकाला साठवण तळे, अशी ही मांडणी आहे. छतावरून निघालेले पाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळले जात तळ्यात पोहोचते. तळ्याच्या काठी ठेवलेल्या स्थिर सायकली चालविल्या की पाणी ढवळले जाऊन त्यात प्राणवायू मिसळतो. माकड जसे गालात अन्न साठवून ठेवते, तसे पाणी तात्पुरते साठवावे, ही थायलंडच्या दिवंगत राजे भूमिबोल यांनी प्रचारात आणलेली कल्पना या रचनेच्या मुळाशी आहे.

या उद्यानाचा मोठा गुण म्हणजे पाण्याचा प्रवास येथे वाचता येतो. छतापासून तळ्यापर्यंतचा मार्ग पायी चालत जाणाऱ्याला क्रमाक्रमाने दिसतो. फलक वाचण्याची आवश्यकता राहत नाही. दुसरा गुण आर्थिक स्वरूपाचा आहे. शहराच्या व्यापारी भागातील एवढी मोलाची जमीन विद्यापीठाने इमारतींसाठी न वापरता पाण्यासाठी मोकळी ठेवली, हा निर्णय मूल्यविचाराचाच द्योतक होय.

परंतु आकड्यांची शहानिशाही करावयास हवी. या उद्यानाची एकूण साठवण क्षमता सुमारे दहा लाख गॅलन, म्हणजे ३८ लाख लिटरच्या आसपास सांगितली जाते. अकरा एकरांच्या क्षेत्रावर ही क्षमता पसरली तर ती सुमारे ८५ मि.मी. पावसाएवढी भरते. म्हणजे हे उद्यान स्वतःवर पडलेला एक मोठा पाऊस पोटात घेऊ शकते. शहराला पुरापासून वाचविण्याची शक्ती त्यात नाही आणि ती असल्याचे मानणेही योग्य नाही. अशी कित्येक उद्याने शहरभर झाली तरच एकत्रित परिणाम संभवतो. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. हे विद्यापीठ त्या भागातील मोठे भूस्वामी आहे. जवळच्या साम यान भागातील चाओ मे थापथिम हे जुने चिनी देवस्थान हलवून तेथे निवासी इमारत उभारण्याच्या प्रश्नावरून २०२० मध्ये विद्यापीठाची मालमत्ता-व्यवस्था आणि विद्यार्थ्यांचा एक गट यांच्यात तीव्र वाद उद्भवला. एकाच संस्थेचा एक हात पावसासाठी जमीन मोकळी करतो आणि दुसरा हात जुन्या वस्तीची स्मृती पुसू पाहतो, असा आक्षेप त्यातून पुढे आला. पर्यावरणीय सद्भाव आणि सामाजिक सद्भाव या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत, हा या उद्यानाचा अनपेक्षित धडा होय.

५. राजगीर : आहर आणि पईन

नालंदा विद्यापीठाचा कायदा २०१० साली झाला, २०१४ पासून अध्यापन सुरू झाले आणि राजगीरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी सुमारे ४५५ एकरांवर उभारलेल्या आवाराचे उद्घाटन १९ जून २०२४ रोजी झाले. बाळकृष्ण दोशी यांच्या ‘वास्तुशिल्प’ या संस्थेने आखलेल्या या परिसरात सुमारे शंभर एकर क्षेत्र जलाशयांखाली आहे. एकूण जमिनीच्या जवळपास बावीस टक्के भाग पाण्याला देणारे विद्यापीठ भारतात विरळाच म्हणावे लागेल.

या रचनेचा वैचारिक आधार दक्षिण बिहारमधील आहर-पईन ही परंपरागत पद्धती आहे. या प्रदेशाचा उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि लवकरच कोरड्या पडतात. उताराच्या चौथ्या, वरच्या बाजूने पाणी येऊ द्यावयाचे आणि उरलेल्या तीन बाजूंना मातीचे बांध घालून ते अडवावयाचे, याला आहर म्हणतात. नदीचे पाणी शेतांकडे व आहरांकडे वळविणारा कालवा म्हणजे पईन. खोल खोदकाम न करता केवळ उताराचे नीट निरीक्षण करून उभी राहिलेली ही व्यवस्था आहे. ज्या भूमीत प्राचीन नालंदा महाविहार नांदला, त्याच भूमीतील शेतकऱ्यांचे शास्त्र नव्या विद्यापीठाने आपल्या रचनेचा पाया म्हणून स्वीकारले. वर नोंदविलेल्या दुसऱ्या निकषावर, म्हणजे भूमीशी असलेल्या सुसंगतीच्या निकषावर, ही रचना तिन्हींमध्ये सरस ठरते.

येथेच एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. आहर-पईन ही केवळ आकृती नाही. ती एक सामाजिक व्यवस्था आहे. पाणी कोणाच्या शेतात आधी जावे, गाळ कोणी काढावा, बांध फुटला तर कोणी धावून जावे, यांविषयीचे संकेत आणि सामूहिक श्रम यांवर ती उभी होती. त्या व्यवस्थेत अन्यायही होता, कारण जमीनदाराचा वरचष्मा तिच्यावर असे. जमीनदारी संपल्यानंतर देखभालीची जबाबदारी निश्चितपणे कोणाकडेच न राहिल्याने अनेक आहर गाळाने भरले. विद्यापीठाच्या आवारात आहराची आकृती आली आहे. परंतु ज्या वरच्या आणि खालच्या शेतांमुळे त्या आकृतीला अर्थ होता, ती शेते कुंपणाबाहेर आहेत. तेव्हा या रचनेची कसोटी तिच्या सौंदर्यात नाही. आवारात अडलेल्या पाण्याने भोवतालच्या गावांतील विहिरींची पातळी उंचावते की नाही, आणि विद्यापीठाचे अभ्यासक त्या गावांतील जुन्या आहरांच्या पुनरुज्जीवनात सहभागी होतात की नाही, यांवर तिचे अंतिम मूल्य ठरेल. ४५५ एकरांची सुबत्ता अन्य संस्थांना लाभणार नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अनुकरणीय आहे ती निरीक्षणाची पद्धत, क्षेत्रफळ नव्हे.

मराठी वाचकाला आहराचे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात डोंगरउतारावर ताली-बांध घालून पावसाचे पाणी शेतात मुरवावे आणि त्याबरोबर येणारे सुपीक द्रव्य नदीनाल्यांत वाहून जाऊ देऊ नये, अशी सूचना केली होती. या कामी सरकारने आपले लष्कर व पोलीस लावावेत, असेही त्यांनी सुचविले होते. माथ्यावर पाणी अडविले तर पायथ्याला त्याची मारामार होत नाही, हा पाणलोट विकासाचा आजचा सिद्धांत त्या मांडणीत बीजरूपाने आढळतो. हे तत्त्व कृषी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात शिकविले जाते. कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांच्या आवारात मात्र ते क्वचितच उतरलेले दिसते.

६. महाराष्ट्रातील रूढी : हिरवळ, फरसबंदी आणि शोषखड्डा

उपरोक्त तीन रचनांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील महाविद्यालयीन परिसराकडे पाहिले असता तीन रूढी ठळकपणे नजरेस येतात.

पहिली रूढी प्रवेशद्वाराजवळच्या हिरवळीची. उन्हाळ्यात हिरवळीला दररोज प्रतिचौरस मीटर पाच लिटर पाणी धरले, तरी एक हजार चौरस मीटर हिरवळीला दररोज पाच हजार लिटर, म्हणजे दोन दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर लागतो. ज्या आवारात वसतिगृहातील मुलींना बादलीचा हिशेब करावा लागतो, त्याच आवारात दर्शनी भागातील गवत हिरवेगार राहते, ही केवळ नियोजनातील चूक नसून अग्रक्रमांची उघड कबुली आहे. हिरवळीच्या कडेला लावलेले बॉटल पाम आणि ड्युरांटाचे कुंपण त्या अभिरुचीचेच पुरवणी अलंकार होत. वड, उंबर, करंज, जांभूळ, कडुनिंब यांच्या सावलीत गवत खुरटते म्हणून सावली नको, असा उफराटा न्याय यातून रूढ झाला आहे.

दुसरी रूढी फरसबंदीची. पावसाळ्यातील चिखल टाळण्यासाठी पेव्हर ब्लॉक बसविले जातात. त्यांच्याखाली बहुधा सिमेंटचा थर असतो आणि सांधेही भरलेले असतात. परिणामी पूर्वी जेथे पाण्याचा मोठा भाग मुरत असे, तेथे बहुतांश पाणी वाहून जाते. हे पाणी नाहीसे होत नाही. ते कुंपणाखालच्या मोरीतून उताराच्या खालच्या वस्तीत शिरते. संस्थेचे आवार कोरडे राहिले याचा अर्थ शेजाऱ्याचे घर ओले झाले, एवढाच असू शकतो. पर्यावरणशास्त्राचा तास ज्या इमारतीत चालतो, तिच्याच छताचे पाणी झोपडीत शिरत असेल तर त्या तासाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न संस्थेने स्वतःला विचारणे आवश्यक आहे.

तिसरी रूढी शोषखड्ड्याची. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) २०१७ नंतरच्या आराखड्यातील सातव्या निकषात पर्जन्यजल संचयन, कूपनलिका व विहिरींचे पुनर्भरण, तळी व बंधारे, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि हरित परिसर यांचा समावेश झाला. या तरतुदीमुळे अनेक संस्थांचे या विषयाकडे प्रथमच लक्ष वेधले गेले, हे मान्य केले पाहिजे. पण पुरावा म्हणून स्थाननिर्देशित छायाचित्र पुरेसे ठरू लागले की खड्डा छायाचित्रासाठी खोदला जातो. त्याचे गणित तपासून पाहावे. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल अशा खड्ड्याचे आकारमान आठ हजार लिटर. तो दगडगोट्यांनी भरला की पाण्यासाठी सुमारे तीन हजार लिटरची पोकळी उरते. एक हजार चौरस मीटर छतावर तासाला ३० मि.मी. वेगाने पाऊस पडला तर तासाला सुमारे पंचवीस हजार लिटर पाणी खाली येते. म्हणजे हा खड्डा सात-आठ मिनिटांत भरतो. त्यानंतर तो किती पाणी घेईल, हे सर्वस्वी तळाच्या थरावर अवलंबून राहते. महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर काळी चिकणमाती असेल तर पाणी मुरण्याचा वेग अत्यंत मंद. खाली मुरूम किंवा भेगाळलेला खडक असेल तर तो समाधानकारक. आणि अखंड कातळ असेल तर खड्डा म्हणजे निव्वळ हौद. भूस्तराची तपासणी न करता खोदलेला खड्डा हा पुनर्भरणाचा उपाय नसून अहवालाचा अलंकार ठरतो. गाळणीची व्यवस्था नसताना छताचे किंवा वाहनतळाचे पाणी थेट कूपनलिकेत सोडणे तर भूजल दूषित करण्याला आमंत्रण देणे होय.

या तिन्ही रूढींच्या मुळाशी एक समान वृत्ती आहे. परिसर हा शिकविण्याचा विषय नसून दाखविण्याची वस्तू आहे, ही ती वृत्ती. पाहणी समितीच्या भेटीपुरता परिसर सजतो आणि त्यानंतर गाळणी तुंबते, खड्डा पाल्याने भरतो. तो साफ करण्याचे ज्ञान ज्या माळ्यापाशी असते, तो बहुधा कंत्राटी पद्धतीवर असतो आणि नियोजनाच्या बैठकीत त्याला स्थान नसते. पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणती विहीर केव्हा उपळते, हे त्याच्याइतके अन्य कोणालाही ठाऊक नसते.

७. पर्यायी दिशा

उपरोक्त विवेचनातून महाराष्ट्रातील संस्थांसाठी काही दिशा सूचित होतात. खर्चिक प्रकल्पापूर्वी निरीक्षण व्हावे. एक साधे पर्जन्यमापक यंत्र आणि आवारातील विहिरीच्या पातळीची साप्ताहिक नोंद एवढ्यानेही दोन-तीन वर्षांत विश्वासार्ह माहिती जमा होते. भूगोल विभागाने समोच्चरेषांचा नकाशा करावा, भूशास्त्र जाणणाऱ्यांनी थर तपासावेत, वनस्पतिशास्त्र विभागाने वाळा, लव्हाळा, अर्जुन, करंज यांसारख्या स्थानिक वनस्पतींची निवड करावी, अर्थशास्त्र विभागाने टँकरचा खर्च आणि बांधबंदिस्तीचा खर्च यांची तुलना मांडावी, मराठी विभागाने परिसरातील जुन्या ओढ्यांची, आडांची, बारवांची नावे आणि आठवणी वृद्धांकडून टिपून घ्याव्यात. बहुविद्याशाखीय संशोधन या संज्ञेला आवाराच्या चार भिंतींत याहून अर्थपूर्ण प्रयोग क्वचितच सापडेल.

रचनेच्या दृष्टीने सांगावयाचे तर, जेथे चाके जात नाहीत तेथील फरसबंदी काढून मुरूम व गवत ठेवणे, उतारावर समतल चर घेणे, छताचे पाणी नळाने गटारात न सोडता सखल, लागवड केलेल्या पट्ट्यांतून नेणे, आणि जुना ओढा असेल तर त्याचा मार्ग मोकळा राखणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. मुंबई, कोकण आणि घाटमाथा या अतिपर्जन्याच्या प्रदेशांत मुरविण्यापेक्षा मंदावणे व सुरक्षित वाट देणे यांवर भर द्यावा लागेल. मराठवाड्यात व माणदेशात झाकलेली साठवण आणि पुनर्भरण यांवर. एकच नमुना सर्वत्र राबविण्याचा मोह टाळणे हेच या विषयातील पहिले पथ्य होय.

८. समारोप

शेनयांगने भूमीच्या पूर्वेतिहासाला मान दिला, बँकॉकने पाण्याचा प्रवास दृश्यमान केला आणि राजगीरने शेतकऱ्यांच्या परंपरागत ज्ञानाला विद्यापीठाच्या रचनेत स्थान दिले. तिन्ही रचना पहिल्या निकषाला उतरतात. दुसऱ्या निकषावर राजगीर सर्वांत समर्थ ठरते. तिसऱ्या निकषावर शेनयांगने विद्यार्थ्यांचे हात मातीला लावले, परंतु श्रमाच्या जोखमीचा प्रश्न तसाच ठेवला. चौथ्या निकषावर, म्हणजे कुंपणाबाहेरील माणसांशी असलेल्या नात्याच्या निकषावर, तिन्ही रचनांचे उत्तर अपूर्ण आहे. हा निकष महाराष्ट्रातील संस्थांनाही तितकाच लागू पडतो.

पाणी कुंपण मानत नाही. ते उतार मानते. संस्थेच्या आवारात पडलेला पाऊस वरच्या शेतातून येतो आणि खालच्या वस्तीकडे जातो. मधल्या काही क्षणांपुरताच तो संस्थेच्या स्वाधीन असतो. त्या क्षणांत त्याचे काय केले जाते, यावरून संस्थेचे आपल्या समाजाशी असलेले नाते जेवढ्या अचूकपणे कळते, तेवढे ते तिच्या ध्येयवाक्यावरून कळत नाही. म्हणून येत्या पावसाळ्यात शैक्षणिक संस्थांनी आपल्या आवारातील सर्वांत सखल जागा आणि त्यापलीकडील पहिले घर शोधून काढावे. परिसररचनेचा आराखडा त्या ठिकाणापासून आखावयास घेतला, तर हिरवळ किती असावी, फरसबंदी कोठे असावी आणि खड्डा कोठे खणावा या प्रश्नांची उत्तरे योग्य क्रमाने मिळू लागतील.